लेकीला युद्धानंतरच्या मुलांमध्ये काम करायचंय

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत मानसशास्त्र घेऊन टी.वाय.बी.ए. करतेय. युद्धानंतर दुरावलेल्या तरुणांना जवळ आणायचं काम करायचं म्हणते, सारखी बोस्नियाबद्दल बोलते. यावर पोट भरेल का? कोणता कोर्स करावा? – एक पालक

उत्तर : नमस्कार. तिने उदाहरण अगदी योग्य धरलंय. युरोपातल्या बोस्नियातलं युद्ध 1995 मध्ये थांबलं, पण कित्येक गावांत आजही एकाच इमारतीत बोस्नियाक (मुख्यतः मुस्लिम) आणि क्रोएट (मुख्यतः कॅथलिक ख्रिस्ती) मुलांचे वर्ग वेगळे, अभ्यासक्रम वेगळे. यायत्से गावात तर 2016 मध्ये बोस्नियाक मुलांसाठी स्वतंत्र शाळा काढायचं ठरलं. त्याविरुद्ध दोन्हीकडची मुलं एकत्र रस्त्यावर उतरली आणि सरकारला तो बेत सोडावा लागला. कुणी 'माफ करा' म्हणून शिकवल्याने हे झालं नाही. रोजची सोबत तुटू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून दोन दिवसांचं शिबिर, गळाभेट आणि फोटो यावर माझा विश्वास नाही. घरात कुणी मारलं गेलंय अशा मुलाला माफीची घाई करणं हा त्याच्यावर अन्यायच आहे. प्रयोगशाळा, नाटक, फुटबॉल असं काहीतरी वर्षानुवर्षं एकत्र करत राहिलं की कधीतरी तो विषय मुलंच काढतात. तेव्हा शेजारी बसून ऐकणारं जाणतं माणूस लागतं. तुमच्या मुलीला ते व्हायचंय.

आता पोटापाण्याचं. या क्षेत्रात नोकऱ्या आहेत, पण बहुतेक प्रकल्पापुरत्या, कंत्राटी. सुरुवातीचा पगारही बेताचा. त्यामुळे थेट शांतता अभ्यासात एम.ए. करण्याआधी तिने समुपदेशनात एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रकल्प बंद पडला तरी शाळेत, रुग्णालयात काम मिळतं. त्यानंतर तीन वर्षं प्रत्यक्ष काम. रोटरीच्या पीस फेलोशिप या शिष्यवृत्तीतून परदेशात मास्टर्स करायलाही निदान तेवढा अनुभव मागतात. देशातच शिकायचं असेल तर दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियात संघर्ष आणि शांतता या विषयाचं एम.ए. आहे.

आणि काम शिकायला बोस्नियालाच जायला हवं असं नाही. पुण्यातली 'सरहद' संस्था काश्मीरमधल्या मुलांच्या शिक्षणाचं काम करते. गडचिरोलीत जायचं ठरलं तर मात्र माडिया-गोंडी आधी शिकावी लागेल. दुभाष्याकरवी कुणी मन मोकळं करत नाही. परीक्षा संपली की सुट्टीत तिला एकदा 'सरहद'मध्ये चौकशी करू द्या. शक्य झालं तर तुम्हीही सोबत जा.