वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन दुकानाने पुस्तक विकायचे नाकारले तर

प्रश्न : मी साताऱ्यातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. संदर्भासाठी मला एक इंग्रजी पुस्तक हवे होते. त्यावर काही वर्षांपूर्वी बराच वाद झाला होता, परंतु माझ्या माहितीप्रमाणे त्यावर सरकारी बंदी नाही. एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून मी ते मागवले आणि पैसेही भरले. काही दिवसांनी ऑर्डर रद्द झाल्याचा संदेश आला. कारण दिलेले नव्हते. पैसे परत मिळाले, पण पुस्तकाच्या पानावर ‘सध्या उपलब्ध नाही’ असे दिसू लागले आणि पुढे ते पानही दिसेनासे झाले. एखादे वादग्रस्त पुस्तक विकायचे नाही, असे ठरवण्याचा अधिकार दुकानाला आहे का? ही आडमार्गाने घातलेली बंदीच नव्हे का? मी आता काय करावे?

उत्तर : नकार देण्याचा अधिकार दुकानाला आहे का, याचे उत्तर ‘आहे’ असेच द्यावे लागते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने दिलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य नागरिकाला मुख्यतः शासनाविरुद्ध मागता येते. खासगी विक्रेत्याने अमुक एक पुस्तक विक्रीला ठेवलेच पाहिजे, असे त्या आधारावर म्हणता येत नाही. अमेरिकेतही याबाबतीत वेगळे काही नाही. रायन अँडरसन यांचे लिंगभाव आणि ट्रान्सजेंडर व्यक्ती या विषयावरचे २०१८ साली प्रकाशित झालेले पुस्तक ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२१ मध्ये विक्रीतून काढून टाकले. चार सिनेटरांनी जाब विचारल्यावर कंपनीने मार्चमध्ये लेखी उत्तर दिले की, समलैंगिक व ट्रान्सजेंडर व्यक्तींची ओळख हा मानसिक आजार आहे अशी मांडणी करणारी पुस्तके न विकण्याचे आम्ही ठरवले आहे. आपण तसे लिहिलेलेच नाही, असे लेखकाचे म्हणणे होते. त्या पुस्तकातली मते मला पटत नाहीत. तरीही तीन वर्षे विकलेले पुस्तक लेखकाला वा प्रकाशकाला आधी न कळवता काढून टाकणे आणि कारण मात्र विचारणा झाल्यावर सांगणे, ही रीत मला अयोग्य वाटते. त्यातल्या त्यात चांगली गोष्ट एवढीच की कारण अखेर उघडपणे सांगितले गेले आणि इतर पुस्तकविक्रेत्यांकडे ते पुस्तक मिळत राहिले.

आता दुसरा मुद्दा, म्हणजे ही बंदी आहे की नाही. कायद्याच्या भाषेत ही बंदी नव्हे. पण वाचकाच्या दृष्टीने ती एका बाबतीत सरकारी बंदीपेक्षाही अवघड आहे, असे माझे मत आहे. राज्य सरकारला एखादे पुस्तक जप्त करायचे असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ नुसार (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ९५ होते) अधिसूचना काढावी लागते आणि आपल्या मताची कारणे तीत नमूद करावी लागतात. ज्याचा त्या पुस्तकाशी हितसंबंध आहे, त्याला दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात जाता येते आणि तीन न्यायमूर्तींचे विशेष खंडपीठ त्याचे म्हणणे ऐकते. म्हणजे तिथे कागद असतो, कारण असते, सही करणारा असतो आणि दाद मागण्याची जागाही असते. ‘सध्या उपलब्ध नाही’ या तीन शब्दांच्या बाबतीत यांतले काहीच नसते.

जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकाचे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये प्रकाशकाने ते भारतीय बाजारातून मागे घेतले; पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवरचा हल्ला त्यानंतर, ५ जानेवारी २००४ रोजी झाला आणि सरकारी बंदी त्याच्याही नंतर आली. ती बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल कायम ठेवला. त्या पुस्तकातील मजकुराने लोकांची मने दुखावली, आणि ती का दुखावली हे साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. पण कायद्याचा क्रम ध्यानात घ्यावा. सरकारने काय केले, ते न्यायालयाला तपासता आले; प्रकाशकाने स्वतःहून जे केले, त्याविरुद्ध कोणत्या वाचकाने कोणत्या न्यायालयात जायचे? दुखावलेल्या माणसाला निषेध करण्याचा, प्रतिवाद लिहिण्याचा आणि पुस्तक न घेण्याचा पूर्ण अधिकार आहे. अभ्यासकाला मात्र ज्याचा प्रतिवाद करायचा तो मजकूर मुळात वाचायला मिळाला पाहिजे. तुम्ही इतिहास शिकवता, त्यामुळे ही अडचण तुम्हाला माझ्याहून अधिक जाणवत असणार.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्यायचे, तर महाबळेश्वरच्या २००९ च्या साहित्य संमेलनाचे घ्यावे लागेल. नियोजित अध्यक्ष आनंद यादव यांच्या संत तुकारामांवरील कादंबरीला वारकरी मंडळींनी आक्षेप घेतला, लेखकाने माफी मागितली, प्रकाशकाने कादंबरी मागे घेतली, तरी शेवटी यादवांना अध्यक्षपद सोडावे लागले आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडले. यातही सरकारी बंदी कुठेच नव्हती. आक्षेप घेणारे, माफी मागणारे आणि पुस्तक मागे घेणारे असे सारेजण मात्र लोकांना दिसत होते, त्यामुळे कोण चूक आणि कोण बरोबर यावर महाराष्ट्राला वाद घालता आला. तुमच्या ऑर्डरच्या बाबतीत नकार नेमका कोणी दिला, हेच तुम्हाला कळलेले नाही. माझा मुख्य आक्षेप आहे तो या लपवाछपवीला.

अर्थात, तुमच्या बाबतीत नकारच दिला गेला असे इतक्यात गृहीत धरू नये. पुस्तकाची आवृत्ती संपलेली असते, परदेशी प्रकाशकाचे भारतातले वितरण थांबलेले असते, किंवा एखाद्या दाव्यात न्यायालयाने विक्रीला अंतरिम मनाई केलेली असते. शिवाय परकीय गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठांना भारतात स्वतःच्या मालकीचा माल विकता येत नाही. पुस्तक विकणारा कुणी तिसराच असतो, आणि त्याच्याकडे प्रत नसतानाही यादीत नाव राहून गेलेले असते. यांपैकी काय झाले, हे ग्राहकाला सांगायला कुणाचीच हरकत असू नये. ‘तक्रार आली म्हणून काढले’ असे कुणी म्हणालेच, तर हे लक्षात असू द्यावे की श्रेया सिंघल खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०१५ च्या निकालानुसार ऑनलाइन मध्यस्थावर (म्हणजे इतरांचा मजकूर दाखवणाऱ्या कंपनीवर) तो मजकूर हटवण्याचे बंधन न्यायालयाच्या आदेशाने किंवा सरकारच्या सूचनेने येते. कुणा त्रयस्थाने पाठवलेल्या नुसत्या तक्रारीने ते येत नाही. तसा आदेश किंवा सूचना नसतानाही पुस्तक काढले, तर तो कंपनीचा स्वतःचा निर्णय ठरतो आणि तो स्वतःचा म्हणून सांगण्याचे धैर्य कंपनीने दाखवले पाहिजे.

आता काय करावे, ते सांगतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि तिचे निवारण एका महिन्यात करायचे असते. विक्रेत्याचे नाव आणि पत्ता दाखवणेही बंधनकारक आहे. तेव्हा ऑर्डरचा क्रमांक, पुस्तकाचा आयएसबीएन हा तेरा आकडी ओळखक्रमांक आणि रद्द झाल्याचा संदेश जोडून एवढेच विचारा : ऑर्डर कोणी रद्द केली, कोणत्या कारणाने, आणि पुस्तकाचे पान कोणाच्या सांगण्यावरून काढले. उत्तर आले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. या मार्गाने पुस्तक हाती पडेलच असे नाही, कारण विकण्याची सक्ती हे नियम करत नाहीत. पण लेखी कारण मिळणे हीदेखील कमी महत्त्वाची गोष्ट नाही.

पुस्तकासाठी मात्र दुसऱ्या वाटा धराव्यात. प्रकाशकाला थेट लिहावे. पुष्कळ प्रकाशक टपालाने प्रत पाठवतात. रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झाल्यावर लहान प्रकाशकांना टपालखर्चाचा फटका बसला होता, परंतु १ मे २०२५ पासून टपाल खात्याने शैक्षणिक, सांस्कृतिक वगैरे पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही स्वस्त सेवा सुरू केली आहे. गावातल्या पुस्तकविक्रेत्याला सांगून पाहावे, कारण तो पुण्या-मुंबईच्या वितरकाशी रोज बोलत असतो. महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना दुसऱ्या ग्रंथालयातून प्रत मागवता येते का, तेही विचारावे. पुस्तक भारतात प्रकाशित झालेले असेल, तर १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने त्याची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना द्यायची असते. त्यांतले एक मुंबईत आहे. मुंबईला एक फेरी करावी लागली, तरी संशोधनासाठी ती करण्यासारखी आहे.

प्रश्न : आमचे सांगलीत पुस्तकांचे लहान दुकान आहे. ऑनलाइन न मिळणारी वादग्रस्त पुस्तके लोक आमच्याकडे मागायला येतात. अशी पुस्तके ठेवू नका, असे काही जणांनी बजावलेही आहे. पुस्तकात काय लिहिले आहे त्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते का? आम्ही नकार दिला, तर ते चुकीचे ठरेल का?

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. या देशात विक्रेत्यावर जबाबदारी येऊ शकते आणि तशी ती आलेलीही आहे. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीची प्रत विकल्याबद्दल मुंबईतल्या एका पुस्तकाच्या दुकानाच्या भागीदारांवर खटला झाला आणि त्यांपैकी रणजित उदेशी यांचे अपील सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये फेटाळले. पुस्तक अश्लील आहे हे विक्रेत्याला माहीत होते, असे सिद्ध करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने त्या वेळी म्हटले. दंड अगदी किरकोळ होता, पण तत्त्व जड होते; दुकानात येणारे प्रत्येक पुस्तक वाचून पाहणे कोणत्या विक्रेत्याला शक्य आहे? अश्लीलतेसंबंधीचे भारतीय दंड संहितेतील ते जुने कलम २९२ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९४ झाले आहे. धार्मिक भावना दुखावण्याबाबतच्या कलम २९९ मध्ये मात्र हेतुपुरस्सर आणि दुष्ट उद्देशाने केलेले कृत्य अपेक्षित आहे, त्यामुळे एखाद्या गिऱ्हाइकाला पुस्तक विकले एवढ्यावरून तो गुन्हा सिद्ध होणे सोपे नाही. तथापि, गुन्हा सिद्ध न होणे वेगळे आणि पोलीस ठाण्यात बोलावले जाणे वेगळे, हे तुम्ही जाणताच. अधिसूचनेने जप्त झालेले पुस्तक ठेवूच नये. बाकीच्या पुस्तकांबाबत कुणी लेखी धमकी दिली, तर ती जपून ठेवून पोलिसांत द्यावी. तोंडी दिली, तरी तारीख, वेळ आणि साक्षीदाराचे नाव वहीत लिहून ठेवावे.

नकाराबद्दल म्हणाल, तर लहान दुकानाच्या नकारात आणि मोठ्या ऑनलाइन कंपनीच्या नकारात मी फरक करतो. तुमच्या दुकानाला एक शटर आहे, काउंटरवर बहुधा घरचीच माणसे बसतात आणि दगड आला तर तो त्यांच्यावर येणार आहे. कंपनीकडे वकिलांची फौज असते आणि तिने पुस्तक काढले की निम्म्या देशाला ते मिळेनासे होते. म्हणून तुम्ही एखादे पुस्तक मांडणीत ठेवले नाही, तर मी तुम्हाला दोष देणार नाही. पण ‘आवृत्ती संपली’ असे खोटे कारण गिऱ्हाइकाला देऊ नका. ‘आम्ही हे दुकानात ठेवत नाही, हा प्रकाशकाचा फोन’ एवढे म्हटले, तरी वाचकाची वाट अडत नाही. शक्य असेल, तर आगाऊ पैसे घेऊन मागणीप्रमाणे एक प्रत मागवून द्यावी. त्यात दर्शनी भागात पुस्तक मांडण्याचा प्रश्न येत नाही आणि माल पडून राहण्याचाही धोका नाही. आणखी एक विनंती अशी की, वादाच्या एका बाजूचे पुस्तक ठेवणार असाल, तर दुसऱ्या बाजूचेही ठेवावे. आपल्या मताच्या विरुद्धचे पुस्तक ज्याच्याकडे मिळते, त्या दुकानदारावर वाचक विश्वास टाकतात.

प्रश्न : ई-पुस्तक विकत घेतल्यावर कंपनी ते परत काढून घेऊ शकते का? (एक वाचक, कराड)

उत्तर : तांत्रिकदृष्ट्या घेऊ शकते आणि तसे घडलेलेही आहे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडल या ई-पुस्तके वाचण्याच्या यंत्रावरून परस्पर पुसून टाकल्या. ज्याने त्या विक्रीस ठेवल्या होत्या त्याच्याकडे प्रकाशनाचे हक्क नव्हते, हे कारण खरे होते आणि पैसेही परत दिले गेले. तरी आपल्या हातातल्या यंत्रात कुणीतरी दुरून शिरले, याचा लोकांना धक्का बसला. एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी केलेली टिपणे त्यामुळे निरुपयोगी झाली, त्याने दावा केला आणि कंपनीला तडजोड करावी लागली. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. ई-पुस्तक घेताना बहुतेक वेळा आपण पुस्तक विकत घेत नसून ते वाचण्याचा परवाना घेत असतो, हे अटींमध्ये लिहिलेले असते. ती अट वाचून घ्यावी. जे पुस्तक वारंवार लागणार आहे आणि ज्याच्याभोवती वाद आहे, त्याची छापील प्रत घ्यावी आणि ई-पुस्तकावर केलेली टिपणे वेगळ्या वहीत किंवा फाइलमध्ये उतरवून ठेवावीत.