स्कूटरची टाकी आणि दानाची पेटी

जूनमध्ये लेहला निघणाऱ्यांची पत्रं मार्चपासून येऊ लागतात. पूर्वी ती बुलेटवाल्यांची असत, आता स्कूटरवालेही आलेत आणि बहुतेकांना वाटेत कुणासाठी तरी पैसेही जमवायचे असतात. गोंधळ दरवर्षी तोच, म्हणून काही प्रश्न एकत्र घेतो.

प्रश्न : १२५ सीसी स्कूटरवरून सातारा ते लेह जाऊन गावच्या शाळेसाठी निधी जमवणार आहे. माझ्या यूपीआयचा क्यूआर कोड स्कूटरवर चिकटवला तर चालेल ना? मित्र म्हणतो, चालतं, परवानगी फक्त गणपतीच्या वर्गणीला लागते.

नाही चालत.

मागच्या वर्षी एक मुलगा दोनशे पानी वही घेऊन माझ्यापुढे बसला. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. जमेत मावसभावाचे पाचशे, शोरूमने पेट्रोलसाठी दिलेले दहा हजार, कुणा आजींनी शाळेसाठी दिलेले एक हजार एक, सगळं एकाखाली एक. खर्चात पेट्रोल, लॉज, पंक्चर आणि शेवटी ‘शाळेला दिले’. पावत्या दाखव म्हटलं, तर खाली जाऊन डिकीतून पुडकं घेऊन आला. पंपाच्या पावत्या थर्मल कागदावरच्या, डिकीच्या उष्णतेने बहुतेक कोऱ्या झालेल्या. मुलगा प्रामाणिक होता, पण ते कागदावर कुठेच दिसत नव्हतं.

नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून जास्त रक्कम विनामोबदला आली, तर ती सगळीच्या सगळी तुमचं उत्पन्न धरली जाते, फक्त वरची नव्हे. (आयकराच्या ‘नातेवाईक’ व्याख्येत मावशी बसते, मावसभाऊ बसत नाही.) ‘पुढे शाळेला दिले’ एवढं सांगून सुटका होत नाही. शिवाय महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी गाठ आहे. गणेश मंडळं वर्गणीआधी सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क ची परवानगी काढतात ना, तेच कलम. ते गणपतीपुरतंच असतं असं सांगणाऱ्या मित्राला जरा कायदा वाचायला द्या.

मग करायचं काय? शाळा चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचं लेखी पत्र घ्या आणि तिच्याच खात्याचा क्यूआर कोड लावा. पैसा तिकडे थेट जाईल, पावती तीच देईल. स्पॉन्सरचा आणि तुमच्या खिशातला पैसा वेगळ्या खात्यात, आणि पंपाच्या प्रत्येक पावतीचा फोटो त्याच दिवशी. निघण्याआधी संस्थेच्या सीएंशी एकदा बसा.

प्रश्न : देणगीतून थोडं पेट्रोल भरलं तर?

पोस्टरवर ‘शाळेसाठी’ लिहिलंय, ‘शाळेसाठी आणि माझ्या पेट्रोलसाठी’ असं नाही.

प्रश्न : रोख देणगीवर ८०जीची (देणाऱ्याला मिळणारी आयकरातली) सवलत मिळते का?

२,००० रुपयांपर्यंतच. तेही संस्थेला मान्यता असेल आणि देणाऱ्याने जुनी करप्रणाली निवडली असेल तर.

प्रश्न : एक कंपनी ‘सीएसआरमधून (म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) पैसे देतो’ म्हणते. बदल्यात स्कूटरवर आणि जॅकेटवर त्यांचा लोगो हवा आहे.

मग ती जाहिरात झाली. मार्केटिंगच्या फायद्यासाठी केलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरता येत नाही, हे नियमात स्पष्ट आहे आणि त्यांच्या अकाउंट्स विभागाला ते ठाऊकही असतं. जाहिरातीचा सरळ करार करा, रक्कम, मुदत, लोगोची जागा लिहून घ्या. ‘प्रत्येक विक्रीमागे काही भाग शाळेला’ असलं पोस्टर छापणार असतील, तर ‘काही’च्या जागी आकडा मागा. आकडा मागितला की बरेच जण फोन उचलत नाहीत.

प्रश्न : शोरूम स्कूटर देणार आहे, प्रवासानंतर ती माझीच. यात काही अडचण?

फुकट ती नाही. व्यवसायातून वर्षाला २०,००० रुपयांहून जास्त किमतीचा असा लाभ दिला, तर सामान्यतः देणाऱ्याने १० टक्के टीडीएस (उगमाशी करकपात) भरायचा असतो, आणि तुमच्या विवरणपत्रात ते उत्पन्न दिसलं पाहिजे. परत करणार असाल तर तसं लिहून ठेवा.

दुसरं, जाहिरातीत ‘आमच्या स्कूटरची खडतर चाचणी’ असं छापू देऊ नका. नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत, वेगाची चाचणी आणि टिकाऊपणाची चाचणी यांना संरक्षण नसतं. अपघात झाला, तर तेच पोस्टर विमा कंपनी तुमच्यापुढे ठेवेल. प्रवासाचं स्वरूप विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तरही लेखीच घ्या.

प्रश्न : न्यू जर्सीच्या मावशी अमेरिकन नागरिक आहेत. त्या माझ्या खात्यात पाठवतील, मी शाळेला देईन.

देऊ नका. मूळ भारतीय असलं तरी परदेशी नागरिकाची देणगी ही परकीय देणगीच. ती घ्यायला संस्थेची एफसीआरए (परकीय देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते, आणि पैसा स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या तिच्या एफसीआरए खात्यातच यावा लागतो. मावशींकडे अजून भारतीय पासपोर्ट असता, तर त्यांच्या बचतीतून बँकेमार्फत आलेले पैसे परकीय धरले नसते. आता संस्थेला विचारा, नोंदणी नसेल तर मावशींना नम्रपणे नाही म्हणा.

प्रश्न : १२ दिवसांनी निघतोय. संस्थेचं पत्र नंतर घेतो, आधी पोस्टर छापू का?

पोस्टर थांबवा. छापखान्याला दोन दिवस लागतात, संस्थेच्या विश्वस्तांच्या सह्यांना किती लागतील ते आजच फोन करून विचारा.