चौदा वर्षांची भाची सतत ‘द समर आय टर्न्ड प्रिटी’ ही किशोरवयीनांसाठीची इंग्रजी प्रेमकादंबरी वाचत असते. असल्या पुस्तकांनी वाचनाची गोडी बिघडते का? त्याऐवजी तिला काय द्यावे?

आपल्या प्रश्नात ‘त्याऐवजी’ हा शब्द नसता तर मी उत्तर लिहिण्याच्या फंदात पडले नसते. आयुष्यभर महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने २०१३ सालच्या उन्हाळ्यात सांगलीहून फोनवर नेमका हाच शब्द वापरला होता. मी त्याचे ऐकले, याचे मला आजही वाईट वाटते.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. कॉलेजातील माझी सर्वांत जवळची मैत्रीण लग्नानंतर माझ्याच मागोमाग इकडे आली आणि आमच्यापासून वीस मिनिटांच्या अंतरावर स्थायिक झाली. दरवर्षी ऑगस्टमध्ये आम्ही दोन कुटुंबे मिळून न्यू जर्सीतल्याच ओशन सिटी या समुद्रकाठच्या गावी शनिवार ते शनिवार एक घर भाड्याने घेत असू. १८७९ साली मेथडिस्ट पाद्र्यांनी वसवलेल्या या गावात आजही दारू विकली जात नाही, त्यामुळे आमचे नवरे थोडे कुरकुरत आणि आम्ही दोघी निश्चिंत असू. कुकर, मेतकूट, पोहे आणि लोणच्याची बरणी गाडीत घालून न्यायची, मुलींच्या पोहण्याच्या कपड्यांना पुळणीवर जाण्याचे बिल्ले टाचायचे आणि संध्याकाळी परतल्यावर अंगणातल्या शॉवरखाली पाय धुतल्याखेरीज कुणालाही घरात घ्यायचे नाही, एवढेच आमचे नियम होते. तिला दोन मुली आणि मला एक, त्यामुळे एक मुलगी आणि दोन भाऊ असा या कादंबरीतला प्रेमाचा त्रिकोण आमच्याकडे होण्याची शक्यता नव्हती.

त्या वर्षी मैत्रीण दुपारभर झोपून असायची. ‘झोपायलाच यायचे होते तर एवढे भाडे कशाला भरलेस?’ असे मी तिला चिडवले होते. माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती आणि हेच पुस्तक वाचत होती. ते तिने सोफ्यावर टाकले होते, तिथून मैत्रिणीने उचलले आणि दोन दुपारींत वाचून संपवले. शुक्रवारी रात्री सामान बांधताना तिने ते माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, ‘हे वाच, मग आपण बोलू.’ आदल्याच दिवशी भाचीच्या वाचनाची चौकशी करताना दादाने मला सुनावले होते की समुद्रकाठी फिरणाऱ्या पोरींच्या या गोष्टी म्हणजे साखरेचे पाणी आहे आणि त्याऐवजी तिला काहीतरी सकस दे. मलाही ते पटले होते. पुस्तक वाळूने भरलेल्या टॉवेलांबरोबर पिशवीत गेले आणि घरी आल्यावर मुलीच्या फळीवर. मैत्रिणीने पुन्हा विषय काढला नाही.

तिचा कर्करोग त्या मे महिन्यातच उलटला होता. मला ऑक्टोबरमध्ये कळले. फेब्रुवारीत ती गेली आणि मार्चमध्ये मी ते पुस्तक उघडले.

ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांना वाटते की सोळा वर्षांची होऊ घातलेली बेली आणि कॉनराड व जेरेमाया हे दोन भाऊ, एवढाच त्याचा ऐवज आहे. प्रत्यक्षात त्या घराचा कणा म्हणजे बेलीची आई लॉरेल आणि त्या भावांची आई सुझाना यांची मैत्री आहे. मुले जन्मायच्याही आधीपासूनची ही मैत्री आहे, आणि दर उन्हाळ्यात दोन कुटुंबे एकत्र राहतात ती तिच्यामुळेच. सुझानाचा कर्करोग परतलेला असतो. लॉरेलला ते ठाऊक असते, कॉनराडला कळलेले असते, आणि म्हणून तो फुटबॉल सोडतो, सिगारेट ओढतो, सगळ्यांशी तुटक वागतो. बेलीला मात्र हे सगळे आपल्याविषयीच आहे असे वाटत राहते. लेखिका जेनी हान यांनी संपूर्ण कथा बेलीच्या तोंडून सांगितली आहे, त्यामुळे वाचकही तिच्याइतकाच आंधळा राहतो. पुरावे समोर असतात आणि आपण कोणता मुलगा तिला शोभेल याचा विचार करत बसतो. मध्ये मध्ये येणारी जुन्या उन्हाळ्यांची प्रकरणे काहींना भरताड वाटतात. मला तसे वाटत नाही, कारण हे सारे आता शेवटचे आहे हे आपल्याला कळायच्या आधी ते पूर्वी कसे होते ते त्यांतून साठत जाते. शिवाय अमेरिकेत अनेक ठिकाणी शाळकरी मुलांचा उन्हाळा सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला, जणू कायद्यानेच संपतो, म्हणून या कथेला पहिल्या पानापासून एक मुदत आहे.

लॉरेलला ठाऊक होते, मला नव्हते. मैत्रिणीला तोंडाने सांगणे जड गेले म्हणून तिने पुस्तक पुढे केले, असे मी मानते. तिच्या मनात खरोखर काय होते हे विचारायला आता ती नाही.

दादाचे म्हणणे असे की मृत्यू आणि मैत्री यांवर मराठीत याहून थोर लेखन आहे. आहेच, आणि ते मीही वाचले आहे. परंतु चौदा वर्षांच्या मुलीने आपण होऊन उचललेले पुस्तक आणि मामाने सुचवलेले पुस्तक यांच्यात जो फरक असतो तो थोरवीने भरून निघत नाही. दादाने पाठवलेल्या पार्सलातली पुस्तके माझ्या मुलीने सहा वर्षे उघडली नाहीत. पुढे कॉलेजात गेल्यावर तिने त्यांतली दोन आपणहून मागवून घेतली, तेव्हा त्याने त्याचे श्रेय स्वतःकडे घेतले.

आता आपला प्रश्न. गोडी बिघडत नाही. तिला दुसरे काही देण्याऐवजी तिचे वाचून झाले की तेच पुस्तक आपण मागून घ्या आणि वाचा. तिने या पुस्तकावरची २०२२ साली सुरू झालेली मालिका आधी पाहिली असेल तर पुस्तकात पुष्कळ गोष्टी वेगळ्या आहेत हेही बोलायला पुरेल. कथेतले कझिन्स बीच हे गाव नकाशावर शोधू नका, ते काल्पनिक आहे. मालिकेचे चित्रीकरण नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनला झाले.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पुस्तकातील मुले पार्ट्यांमध्ये दारू पितात आणि त्याबद्दल फारशी काळजी कुणी करत नाही. बेली पुष्कळदा आत्मकेंद्रित आणि हेकट वागते. तिच्या जन्माच्या दिवसापासूनच ती आपल्या मुलांपैकी एकासाठी आहे असे सुझाना मानते, आणि हे पुस्तकात गोड म्हणून येते. मला ते मुळीच गोड वाटत नाही, आपल्याकडच्या आत्याबाई हेच बोलल्या असत्या तर आपण त्यांना गप्प केले असते. २०११ साली आलेला या कादंबरीमालेचा तिसरा भाग, ज्यात कॉलेजात शिकणारी बेली लग्नाची घाई करते, मला लांबवलेला वाटला, तरी तिथे लॉरेल या लग्नाला ज्या हट्टाने विरोध करते तो भाग आपण अवश्य वाचावा. भाचीला त्या वेळी लॉरेल आवडणार नाही.

मैत्रिणीने मला दिलेली ती प्रत माझ्याकडेच आहे, कारण मुलीने ती परत मागितली नाही. पाठीच्या शिवणीत अजून वाळूचे कण आहेत. दादासाठी मी वेगळी प्रत विकत घेऊन २०२२ साली सांगलीला पाठवली. दर रविवारी फोनवर मी विचारते आणि तो म्हणतो की अक्षर फार बारीक आहे.