‘सुवार्ता गाजवली जाईल’ : गाजवणे आणि शेवट यांविषयी

ऐरोलीच्या एका वाचकांनी बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातील २४व्या अध्यायाच्या १४व्या वचनाविषयी विचारले आहे. राज्याची ही सुवार्ता, म्हणजे देवाच्या राज्याची ही शुभ बातमी, सर्व जगात ‘गाजवली जाईल, तेव्हा शेवट होईल’, असे तेथे म्हटले आहे. मैदान गाजवतात, सभा गाजवतात, पण वार्ता कशी गाजवतात, आणि ‘शेवट’ म्हणजे जगाचा नाश समजायचा का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

‘गाजवणे’ येथे चुकीचे नाही. त्याचा जुना अर्थ आपल्या रोजच्या बोलण्यात मागे पडला आहे, इतकेच. संस्कृत ‘गर्ज्’ धातूपासून प्राकृत ‘गज्ज’ आणि त्यातून मराठी ‘गाजणे’ आले. समुद्राची गाज आणि ‘वाजतगाजत’ या शब्दांत तो नाद अजून शिल्लक आहे. त्यामुळे ‘गाजवणे’ म्हणजे मुळात दूरवर ऐकू जाईल असे करणे. ‘त्यांनी सभा गाजवली’ या वाक्यात श्रेय वक्त्याकडे जाते आणि आजच्या वाचकाला खटकते ते नेमके हेच. परंतु या वचनात गाजायची आहे ती वार्ता, सांगणारा नव्हे. म्हणूनच वाक्य कर्मणी आहे आणि त्यात कर्त्याचे नावही नाही. मूळ ग्रीक क्रियापदही कर्मणीच असून ते ‘केरुस्सो’ या धातूचे रूप आहे, ज्याचा संबंध राजाची आज्ञा चव्हाट्यावर पुकारणाऱ्या ‘केरुक्स’शी आहे. आपल्याकडचा दवंडी पिटणारा ज्याप्रमाणे स्वतःचे मत सांगत नसे, मिळालेला निरोप जसाच्या तसा सर्वांच्या कानांवर घालत असे, तसेच हे काम आहे. ‘प्रचार’ या शब्दाला निवडणुकीचा वास लागला असल्याने मला येथे ‘गाजवणे’च अधिक योग्य वाटते, मात्र बोलताना ‘सुवार्ता सांगणे’ म्हटले तरी काही बिघडत नाही.

याच वचनातील ‘साक्षीसाठी’ हा शब्द सहसा नजरेतून निसटतो. प्रार्थनासभेत कोणी ‘साक्ष’ देतो तेव्हा तो आपल्या आयुष्यात देवाने काय केले ते सांगतो. परंतु ज्या ग्रीक शब्दाचा अर्थ साक्षीदार, त्याच शब्दाला पुढे विश्वासासाठी प्राण देणारा असाही अर्थ आला. ठाण्याच्या वाचकांना तो अर्थ दूरचा वाटू नये, कारण १३२१ साली याच ठाण्यात संत फ्रान्सिस यांच्या संघातील चार (फ्रान्सिस्कन) धर्मबंधूंना ठार मारण्यात आले आणि ख्रिस्ती परंपरा त्यांना हुतात्मे मानते.

आता ‘शेवट’. येथील ग्रीक शब्द ‘तेलोस’ असून त्यात संपणे आणि पूर्णत्वास जाणे हे दोन्ही अर्थ आहेत. अध्यायाच्या आरंभी येशूचे शिष्य ज्याविषयी विचारतात ती ‘युगाची समाप्ती’ही त्याच धातूच्या कुळातली आहे. पारायणाची समाप्ती झाली असे आपण म्हणतो तेव्हा पोथी नष्ट झाली असे कोणी समजत नाही. हा अर्थ मनात ठेवला तर निम्मा गैरसमज दूर होतो. ‘युग’ ऐकताच मात्र कलियुगानंतर पुन्हा कृतयुग असे फिरते चक्र डोळ्यांसमोर येते, आणि ते येथे अभिप्रेत नाही, कारण ख्रिस्ती कल्पनेत हे युग एकदाच संपते, ख्रिस्त पुन्हा येतो, न्याय होतो आणि देवाचे राज्य पूर्णपणे प्रकट होते. न्याय आणि संकट यांचे गांभीर्य त्यातून वजा करता येणार नाही. तरीही युद्धे, दुष्काळ आणि भूकंप यांना याच अध्यायात शेवट म्हटलेले नसून वेदनांचा प्रारंभ म्हटले आहे, आणि त्या ‘वेदनां’साठीचा मूळ शब्द प्रसूतीच्या कळांचा आहे.

‘तेव्हा’वर मतभेद आहेत. काही जण सुवार्ता सर्व राष्ट्रांपर्यंत पोहोचणे ही शेवटाची अट मानतात, तर काही जण ते केवळ एक चिन्ह मानतात. व्याकरण एवढेच सांगते की आधी हे आणि मग ते. त्यावरून तारीख मात्र काढता येत नाही, कारण तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, असे त्याच अध्यायाच्या ३६व्या वचनात स्पष्ट म्हटले आहे.