मुलावरच्या प्रायोगिक उपचारांसाठी मुंबईला खेपा घालाव्या लागणार आहेत. नातेवाइकांनी प्रवासखर्चाला कसा हातभार लावावा?

तुम्ही लिहिलंय की भावाच्या ९ वर्षांच्या मुलाचा ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) उलटलाय, नवी मुंबईत खारघरला कार-टी या प्रायोगिक पेशी-उपचाराच्या चाचणीत घेता येईल का याची विचारणा चालू आहे आणि भंडाऱ्याहून जाण्या-येण्यासाठी तुम्ही भावंडं पैसे गोळा करताय. आमच्या शेजारच्या मुलीच्या वेळी आम्ही चार घरांनी मिळून दोन वर्षं हे केलं, म्हणून सांगते.

आधी एक खात्री करा. आपल्याकडे अशा प्रत्येक चाचणीची, म्हणजे क्लिनिकल ट्रायलची, नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते. ती इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. चाचणीतल्या औषधाचे पैसे पालकांकडून मागितले जात असतील, तर तिथेच थांबा आणि दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये भरून आलेली घरं मी पाहिली आहेत. खरी चाचणी असेल तर संमतीपत्र मराठीत मागून घ्या आणि प्रवासभत्ता मिळतो का, असं स्पष्ट विचारा. काही चाचण्यांत तो मिळतो, पण आपण विचारलं नाही तर ते लक्षातच येत नाही.

आता खर्चाचं. तिकीट हा त्यातला लहान भाग आहे. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री टायर एसीत मूळ भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. दाखल्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यायचा आणि तिकीट खिडकीवर काढायचं. पण ही सवलत तत्काळला चालत नाही. आणि या आजारात तारखा हलतात. रक्ताचा रिपोर्ट येतो, काउंट म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या कमी निघते, 'पुढच्या आठवड्यात या' म्हणतात. मग ऐनवेळी पूर्ण पैशाचं तत्काळ तिकीट काढावं लागतं. आमचा पहिला हिशेब इथेच चुकला. विदर्भ एक्स्प्रेसनं सकाळी मुंबईत उतरल्यावर काउंट कमी असलेल्या लेकराला लोकलच्या गर्दीत नेऊ नका. तिथून टॅक्सीचे पैसे वेगळे काढून द्या.

खरा खर्च राहण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा आहे. कार-टीमध्ये मुलाच्याच रक्तातल्या टी पेशी काढून प्रयोगशाळेत बदलतात आणि काही आठवड्यांनी परत शरीरात सोडतात. त्यानंतर ताप चढणं, रक्तदाब उतरणं, मूल गोंधळून जाणं असं होऊ शकतं. त्यामुळे साधारण महिनाभर रुग्णालयाच्या जवळच राहायला सांगतात. म्हणजे आई-वडील दोघंही घराबाहेर. खोलीसाठी भटकण्याआधी रुग्णालयातल्या सोशल वर्करना भेटा. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स बाहेरगावच्या कर्करोगग्रस्त मुलांना आई-वडिलांसह मोफत ठेवून घेतात, त्यांचं केंद्र खारघरलाही आहे. तिथे रुग्णालयाकडूनच नाव जावं लागतं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समितीही आहे, पण खारघरहून रोज ये-जा करायला त्या लांब पडतात.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी अर्ज जरूर करा. मात्र तो पैसा थेट रुग्णालयाच्या खात्यात जातो. त्यातून गॅस सिलिंडर येत नाही, घरी आजीजवळ राहिलेल्या धाकटीच्या वह्या येत नाहीत. ती भोकं तुमच्यासारख्यांनीच बुजवायची. आमच्याकडे सुरुवातीला व्हॉट्सॲपवर मुलीचा फोटो फिरला. पंधरा दिवस पैसे आले, मग आटले. तिचा बाप मात्र बाजारात जायचा बंद झाला, कारण जो तो थांबवून चौकशी करायचा. त्यानंतर आम्ही फोटो काढून टाकला आणि दर महिन्याच्या ५ तारखेला ठरलेली रक्कम तिच्या आईच्या खात्यात टाकू लागलो. हिशेब मागितला नाही. जुलैत त्यांच्या दीड एकराची रोवणी गावातल्या बायांनी उरकून दिली. पैशात मोजलं तर ती मदत सगळ्यांत मोठी होती, असं मला वाटतं.

एक गोष्ट पैसे देण्याआधीच बोलून घ्या. चाचणीतून आई-वडिलांना कधीही मुलाला बाहेर काढता येतं. कारण सांगावं लागत नाही आणि नेहमीचे उपचार त्यामुळे थांबत नाहीत. ७ वर्षांवरच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारात घ्यावी लागते. पण गावानं वर्गणी काढली की आई-बापाला 'नको' म्हणण्याची चोरी होते. आमच्या शेजाऱ्यांनी एका रात्री फोन करून विचारलं, "ताई, पोरगी आता नको म्हणते. आम्ही परत आलो तर लोकांचे पैसे फेडावे लागतील का?" ऐकून मला रडू आलं. ही भीती त्यांनी किती दिवस मनात ठेवली असेल? म्हणून भाऊ आणि वहिनी दोघांनाही समोर बसवून सांगा की हे पैसे लेकरासाठी आहेत, चाचणीसाठी नाहीत. ते अर्ध्यातून परतले तरी ५ तारखेला पैसे जमा होतील, हेही त्याच वेळी सांगा.