'पालक सहमत आहेत' ही चौकट आधी काढ

भावा, राजारामपुरीतल्या क्लासच्या पोरांसाठी केलेलं तुझं गणिताचं ॲप बघितलं. काम झकास झालंय. पण ती 'माझे पालक सहमत आहेत'ची चौकट काढ. तिथं टिचकी मारणारं पोरगंच असतं.

नुसत्या ओटीपीनंही भागत नाही. माझ्या भाच्याला डोळ्यांदेखत बघितलंय. ताईचे हात भाकरीच्या पिठात, फोन याच्याकडं. मेसेज आला, यानं सहा आकडे टाकले, झाली 'आईची संमती'. ताईला पत्ताच नाही!

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूल, आणि मुलाची माहिती घ्यायला पालकांची खरी संमती लागते. अमेरिकेत ही मर्यादा १३ आहे, म्हणून तिकडचं तयार कोड जसंच्या तसं उचलू नकोस. पालक म्हणवणारी व्यक्ती सज्ञान आहे आणि तिची ओळख पटते, हे तुला तपासायचंय. त्यासाठी आधीच तुझ्याकडं असलेली खात्रीची माहिती चालते, त्यांनी स्वतःहून दिलेली चालते, किंवा डिजिलॉकरमार्फत (सरकारी कागदपत्रांचं ॲप) आलेलं टोकन, म्हणजे वय-ओळखीची डिजिटल खूण. मी टोकनच घेईन. आधारच्या झेरॉक्सचे फोटो व्हॉट्सॲपवर अजिबात मागवू नकोस, ते सांभाळायची जोखीम तुझ्याच गळ्यात पडते. चुकलास तर दंड २०० कोटींपर्यंत जाऊ शकतो.

पोरांचा माग काढणं आणि त्यावरून जाहिराती दाखवणं मात्र आजच बंद कर.

आणि क्लासच्या पालकसभेला जा. आई-बापांचं खातं त्यांच्याच फोनवर आधी उघडून घे, पोराचं त्यानंतर. संमती मागं घ्यायचं बटणही तिथंच दाखव.