नऊ वर्षं शेडमध्ये पडलेली शिडाची बोट घ्यावी का?

बेळगावातल्या अनगोळहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. नौदलात पंधरा वर्षं काढून ते निवृत्त झाले, आता उद्यमबागच्या एका मशीन शॉपमध्ये नोकरी करतात. पेन्शन आणि पगार मिळून महिन्याला ६२,००० रुपये हातात येतात. घरखर्च ४१,०००, घराचा हप्ता ९,०००. मुलगी बारावीला आहे. गोव्यात ओळखीच्या एकाकडे होबी १६ ही जुनी कॅटामरान, म्हणजे दोन अंगांची शिडाची बोट, नऊ वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे. मालक १,५०,००० मागतो. दुरुस्ती आणि सुधारणांचा यांचा अंदाज २,४०,०००. त्यासाठी २,५०,००० ची एफडी मोडायची आणि उरलेले १,४०,००० सोसायटीतून १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी उचलायचे, असं मनात आहे. घेऊ का, असं त्यांनी विचारलंय.

बोट घ्या. पण या पैशांनी नको, आणि या यादीसकट तर नकोच.

तुम्ही पत्रात बोटीची किंमत मांडलीत, पण ती पोसायचा खर्च कुठेच धरला नाही. गोव्यातल्या यार्डाचं भाडं तुमच्याच आकड्याने महिना २,५००, म्हणजे वर्षाला ३०,०००. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणजे ऑक्टोबर ते मे असे आठ महिने मिळतात. महिन्यातून दोनदा चोर्ला घाटाने जाऊन यायचं, डिझेल आणि जेवण मिळून एका खेपेला २,००० धरा, म्हणजे ३२,०००. दोऱ्या, पुल्या, ताडपत्री, किरकोळ दुरुस्ती यासाठी मी १५,००० बाजूला ठेवीन. एकूण ७७,०००, महिन्याला साधारण ६,४००. त्यावर सोसायटीचा हप्ता ४,६५०. तुमच्या हातात शिल्लक राहतात १२,००० आणि त्यातले ११,००० च्या वर बोट खाणार. त्यानंतर घरात कुणाला चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं तर पैसे कुठून आणणार?

एफडी तर सोडाच. ती मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलीय, असं तुम्हीच लिहिलंय. केसीईटीतून, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेतून, सीट मिळाली तर ठीक, पण महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांच्या सीमाभागातली म्हणून ती महाराष्ट्रातल्या प्रवेशालाही अर्ज करणार असेल, तर कोल्हापूर किंवा पुण्याचं हॉस्टेल आणि मेस त्यात येणार. हे पैसे येत्या जूनला लागणार आहेत. त्यांना हात लावू नका.

आता बोटीकडे येऊ. होबी १६ चा साचा १९७० च्या आसपासचा, कॅलिफोर्नियाच्या होबी ऑल्टर यांचा. जगभर इतकी वापरली गेली आहे की सुटे भाग अजून मिळतात, आणि जुनी बोट घेताना हा मोठा आधार. पाच मीटर लांब, साधारण १४५ किलो, इंजिन नाही, खाली पातं नाही. बिघडण्यासारखं फार नाही. पण जे बिघडतं ते वरून दिसत नाही.

पैसे देण्याआधी ताडपत्री काढून दोन्ही हल (बोटीची पाण्यावर तरंगणारी दोन अंगं) कोरडे पुसा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेकवर वीतभर अंतराने ठोकत जा. आवाज कडक, टणक आला तर फायबर आणि आतला फोम चिकटलेले आहेत. मध्येच आवाज भदभद झाला, अंगठ्याने दाबल्यावर डेक आत गेला, तर तिथे थर सुटलेत. पुढचा आडवा बीम ज्या खांबांवर बसतो, त्यांच्या आजूबाजूला आणि पुढच्या डेकवर जास्त वेळ द्या, कारण जोर तिथेच येतो. तळहाताएवढा तुकडा मऊ असेल तर बारीक भोकं पाडून आत रेझिन सोडता येतं. हातभर पट्टा मऊ लागला तर मालकाला नमस्कार करून परत या, मग तो फुकट देत असला तरी.

वायरींच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. डोलकाठी पुढची एक आणि बाजूच्या दोन अशा तीन ताणांवर उभी असते. एक तुटला की ती खाली येते, आणि खाली माणसं बसलेली असतात. स्टेनलेस वायर वरून चकाकते, पण टोकाच्या दाबलेल्या नळीच्या आत खारं पाणी शिरून तारा कुजतात. नऊ वर्षांनंतर तपासत बसू नका, सगळ्या बदला. तुम्ही उद्यमबागेत काम करता, म्हणजे तिथेच टोकं दाबून घेण्याचा मोह होणार. पिना, प्लेटा ३१६ स्टेनलेसमध्ये खुशाल बनवून घ्या, आपल्या कारागिरांचा हात त्यात बसलेला आहे. वायरीची टोकं मात्र याच कामाचं यंत्र असलेल्या माणसाकडूनच.

तुमच्या यादीत वायरी ३८,०००, ट्रॅम्पोलिन (दोन हलांमध्ये ताणलेलं बसायचं कापड) ३४,०००, शिडं १,२०,००० आणि पुढचं शीड गुंडाळायचं यंत्र, पुल्या, नवा टिलर (सुकाणूचा दांडा) मिळून ४८,००० आहेत. पहिले दोन खर्च करा. ट्रॅम्पोलिनची शिवण उन्हाने जाते, आणि ती फाटली की माणूस थेट पाण्यात. शिडं जुनी असली तरी शिवण पुन्हा घालून एक हंगाम सहज निघेल. तेवढ्यात कळेल की तुम्ही खरंच महिन्यातून दोनदा जाता की नाही. शेवटचे ४८,००० आत्ता विसरा. बोट पुढे विकली तर वसूल होतील, असं तुम्ही लिहिलंय. नाही होणार. घेणारा हल बघून पैसे देतो, तुमच्या पुल्या बघून नाही.

मग पैसे आणायचे कुठून? सेव्हिंगमध्ये १,८०,००० आहेत. त्यातले तीन महिन्यांच्या खर्चाचे १,५०,००० अडीअडचणीला तसेच राहू द्या. मोकळे ३०,०००. आजपासून महिना १२,००० बाजूला टाका. खात्यात ठेवले की जातात, म्हणून मी तर म्हणेन दिवसाला ४०० ची पिग्मी (रोजची बचत) लावा, एजंट शॉपमध्ये येतोच की. वर्षाला १,४४,००० होतील. त्यात ते ३०,००० मिळवले की १,७४,०००. बोटीला ९०,००० च्या वर जाऊ नका, वायरी आणि ट्रॅम्पोलिनचे ७२,००० धरा, १२,००० उरतात. नऊ वर्षं कुणी न नेलेल्या बोटीला ९०,००० हा भाव कमी नाही. बयाणा ३०,००० द्या, बाकी पाच-सहा महिन्यांत, आणि तोवर बोट त्यांच्याच शेडमध्ये राहील, भाडं नाही, असं ठरवा. पुढच्या दसऱ्यानंतर पाण्यात उतरवाल. जूनमध्ये प्रवेशाला जास्त पैसे लागले तर ती आणखी एक वर्ष थांबेल.

बोट गोव्याऐवजी हिडकल धरणावर ठेवण्याचा तुमचा विचार चांगला आहे. अंतर कमी, गोड पाण्यात लोखंड-अॅल्युमिनियमही टिकतं. पण ते पाणी पाटबंधाऱ्याचं आणि पिण्याचंही आहे. परवानगी लेखी, कन्नडमध्ये अर्ज करून आधी मिळवा, मगच यार्डाचे ३०,००० वाचले असं धरा. उन्हाळ्यात पाणी किती खाली जातं तेही बघून या. राकसकोपचं नाव काढू नका, ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. गोव्यात पर्यटकांना फिरवून खर्च काढण्याचा विचारही बाजूला ठेवा. त्याला कॅप्टन ऑफ पोर्ट्सची (गोव्याच्या बंदर खात्याची) परवानगी आणि विमा लागणार, आणि तो वेगळा धंदा झाला.

डोलकाठी साधारण आठ मीटरची आहे. अनगोळच्या गल्लीत आणून उभी करून बघू नका, वर हेस्कॉमच्या विजेच्या तारा आहेत.

शेडमध्ये जाल तेव्हा मालकाच्या नावाची मूळ पावती किंवा नोंदीचा कागद बघायला मागा. हलवरचा नंबर त्याच्याशी जुळला तरच बयाणा द्या, आणि तो बँकेतून द्या, हातात नाही.